भेंडीची भाजी खारट झाली आहे, पाहुणे येतायत. बटाटा टाकला तर तो मीठ शोषून घेतो का?

नाही. बटाटा मीठ शोषून घेत नाही. आमच्या घरात या बटाट्याला वर्षानुवर्षं फुकटचा मान मिळत आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे गौरी असतात. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही, त्यामुळे मीठ सगळं अंदाजाने. एका वर्षी कटाच्या आमटीत ते दोनदा पडलं. आधी थोरल्या जाऊबाईंनी घातलं, मग चुलत सासूबाईंनी, राहिलं असेल असं समजून. नैवेद्य झाल्यावर सासऱ्यांनी एक भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली. बाहेर पानं मांडलेली! जाऊबाईंनी घाईघाईने बटाटे सोलले, अर्धे करून पातेल्यात सोडले. बटाटे शिजले, आमटी होती तशीच. उलट तेवढ्या वेळात आटून आणखी खारट झाली, आणि बटाट्याची फोड मोडून खाल्ली तर तीही खारट.

पुरणाची डाळ निथळून काढलेला कट तपेल्यात उरला होता. त्यात मीठ नव्हतं. मी निम्मी आमटी दुसऱ्या पातेल्यात काढली, दोन्हींत कट ओतला, चिंचेचा कोळ, गूळ आणि भाजलेल्या खोबऱ्या-जिऱ्याचं वाटण वाढवलं, वरून हिंग-कढीपत्त्याची फोडणी दिली. मीठ तेवढंच, आमटी दुप्पट. पंक्तीत लोकांनी मागून मागून घेतली. आणि आजही चार नातेवाईक जमले की जाऊबाई सांगतात, "बटाट्यांनी लाज राखली." लाज कटाने राखली!

मीठ पाण्यात विरघळलेलं असतं. बटाटा ते पाणी मिठासकट पितो, नुसतं मीठ वेचून घेत नाही, म्हणून मागे उरलेला रस तितकाच खारट राहतो. कणकेच्या गोळ्यांचंही तेच. पटत नसेल तर बटाटा घालायच्या आधी वाटीभर रस बाजूला काढा आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून चाखा. जाऊबाईंना मी हे अनेकदा सुचवलंय, त्या चाखायलाच तयार नाहीत. खारटपणा कमी करायचा तर बिनमिठाचं काहीतरी वाढवायचं, दुसरा उपाय नाही.

आता तुमची भेंडी. पाणी अजिबात घालू नका, बुळबुळीत होईल. ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, नाहीतर कोरडं भाजलेलं बेसन भुरभुरवा आणि एक वाफ आणा. घरात आणखी भेंडी असेल तर ती बिनमिठाची परतून मिसळा, सगळ्यात उत्तम. बटाट्याचे पातळ काप बिनमिठाचे तळून मिसळले तरी चालेल, कारण ते भाजीबरोबर खाल्ले जातात आणि प्रत्येक घासातलं मीठ कमी होतं. पण ते भाजी वाढवणं झालं, शोषणं नव्हे.

लिंबू पिळून किंवा साखर घालून खारटपणा फक्त झाकला जातो, मीठ पोटात तेवढंच जातं. पाहुण्यांत कोणाला बीपी असेल तर त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करा. आणि आज पानात लोणचं-पापड वाढू नका, साधं दही द्या, मीठ न घालता.