आईच्या टाचा दर हिवाळ्यात उलतात; मलमांनी फरक का पडत नाही?

आपण विचारले आहे की, शिरपूर तालुक्यात राहणाऱ्या आपल्या आईच्या टाचांना दिवाळीनंतर खोल भेगा पडतात, कापूस वेचून घरी आल्यावर त्यांतून रक्त येते, दुकानातून आणलेली तीन-चार मलमे लावूनही उपयोग झाला नाही, तेव्हा उपाय काय करावा आणि पुढच्या वर्षी हे होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी. मी डॉक्टर नाही. धुळे जिल्ह्यातील एका उपकेंद्रात मी २७ वर्षे आरोग्य सेविका होते आणि या काळात मी माणसांच्या चेहऱ्यांइतकेच त्यांचे पाय पाहिले आहेत, एवढ्याच अधिकाराने लिहिते.

आपण आणलेली मलमे वाईट होती असे मला वाटत नाही. ती कोरड्या टाचेवर लावली गेली असावीत आणि चार-पाच दिवसांनी सुटली असावीत, असा माझा अंदाज आहे, कारण दहांपैकी आठ घरांत मी हेच पाहिले.

शरीराच्या इतर कातडीला तेल पुरवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळव्याला आणि टाचेला त्या नसतात. तेथे केवळ घामाच्या ग्रंथी असतात. त्यामुळे टाचेची कातडी मऊ राहते ती तिच्यात मुरलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी उडून जाऊ नये म्हणून झाकण घालणारे तेल तिच्याजवळ स्वतःचे नसते. त्यातच टाचेवरचा मृत कातडीचा थर जाड असतो. तो सुकला की त्याची लवचीकता जाते. मग उभे राहिल्यावर शरीराच्या भाराने टाचेतील चरबीची गादी बाजूंना पसरू लागते, तेव्हा हा कडक काठ ताणला न जाता फाटतो. आमच्या भागात टाच ‘फुटली’ म्हणण्याऐवजी ‘उलली’ असेही म्हणतात, आणि वैशाखात काळी जमीन उलते तेव्हाही हाच शब्द वापरतात. कारण दोन्हीकडे एकच आहे, पाणी निघून गेले की आकुंचन होते. फरक एवढाच की जमिनीच्या भेगा पहिल्या पावसाने बुजतात, टाचेच्या मात्र नुसत्या पाण्याने बुजत नाहीत. उलट पाय वारंवार भिजून वारंवार सुकले, तर कातडीत पाणी धरून ठेवणारे घटकच धुऊन जातात आणि ती पूर्वीपेक्षा अधिक कोरडी होते. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात केळीच्या बागेत दिवसभर ओल्या मातीत उभे राहणाऱ्या माणसांच्या टाचा कोरडवाहू कापूस करणाऱ्यांइतक्याच फुटलेल्या का असतात, याचे मला आरंभी नवल वाटे. त्याचे उत्तर हे आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाणी आत जाऊ द्यावे, मग त्यावर झाकण घालावे. रात्री सर्व कामे आटोपल्यावर आईंना घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून बसू द्यावे. पाणी कोमट म्हणजे कोपर बुडवल्यावर सुखावह वाटेल इतकेच. बंबातले कढत पाणी नको, त्याने आहे तो ओलावाही जातो. मीठ, सोडा, शाम्पू यांची गरज नाही. त्यानंतर वज्रीने किंवा खरबरीत दगडाने टाचेचा जाड काठ एकाच दिशेने हलक्या हाताने घासावा. घासणे आठवड्यातून दोनदा पुरे. पहिल्याच रात्री सगळे कातडे काढून टाकण्याचा मोह होतो, पण जोरात घासलेली कातडी स्वतःच्या बचावासाठी आणखी जाड वाढते. जेथून रक्त येते तेथे वज्री मुळीच लावू नये. मग पाय टिपून घ्यावेत, खसाखसा पुसू नयेत, आणि कातडी किंचित दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली भेगांत भरेल अशी चोळून वर सुती मोजे घालावेत. येथेच बहुतेकांची गफलत होते. पाय धुतले जातात संध्याकाळी शेतातून आल्यावर आणि मलम लावले जाते रात्री अंथरुणावर पडल्यावर, तोवर टाच पुन्हा खडखडीत झालेली असते. कोरड्या कातडीवर घातलेले झाकण कोरडेपणच जपून ठेवते.

रक्त येणे थांबून भेगा वरवरच्या झाल्या, साधारण आठ-दहा दिवसांत, की युरिया असलेले क्रीम सुरू करावे. युरिया म्हटले की आपल्याकडे गोणीच डोळ्यांसमोर येते. रसायन तेच असले तरी गोणीतले खत पायाला लावायचे नाही, औषधाच्या दुकानातले क्रीम आणायचे आहे. रोजच्या वापराला १० टक्के युरिया चालतो, टाच फारच जाड असेल तर २० ते २५ टक्क्यांचे घ्यावे. तो कातडीत पाणी धरून ठेवतो आणि प्रमाण जास्त असेल तर जाड थर सैलही करतो. उघड्या भेगेवर तो झोंबतो, म्हणून त्याचा क्रमांक जेलीनंतर. सॅलिसिलिक ॲसिडची मलमेही जाड कातडे सोलतात, परंतु मधुमेह असलेल्या माणसाने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. वरवरच्या भेगा पंधरवड्यात मिटतात. आपण वर्णन केल्या आहेत तशा खोल भेगांना महिना-दीड महिना धरावा. तोपर्यंत कंटाळून मलम बदलू नये.

घरगुती उपायांविषयीही आपण विचारले आहे. त्यांतले बरेच चांगले आहेत. तिळाचे तेल पाच-सहा भाग आणि मधमाश्यांचे मेण एक भाग, मंद आचेवर एकत्र वितळवून गाळून ठेवले तर उत्तम मलम होते आणि ते जेलीचेच काम करते. कोकमाचे तेल, एरंडेल, साजूक तूप, सातपुड्यातील पाड्यांवर वापरतात ते मोहाच्या बियांचे तेल, यांपैकी घरात असेल ते ओलसर टाचेवर चालेल. आयुर्वेदात या विकाराला पाददारी म्हणतात, तो कोरड्या पायांनी फार चालणाऱ्यांना होतो असे सांगितले आहे, आणि स्निग्ध पदार्थ चोळण्याचा भर तेथेही आहे. मात्र वितळलेले मेण गरम असतानाच भेगेत सोडण्याची जी रीत आहे ती मला मान्य नाही. त्याने भाजलेल्या टाचा मी बांधल्या आहेत. लिंबू चोळू नये. दुकानातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भेग सांधू नये, कारण आत माती अडकली तर ती आतच पिकते. आणि सर्वांत घातक म्हणजे बिब्बा. भेगेत बिब्ब्याचे तेल भरण्याची प्रथा अजून पुष्कळ घरांत आहे. एखाद्याला तो मानवतही असेल, परंतु ज्याला उततो त्याचा पाय घोट्यापर्यंत सुजून पाण्याच्या फोडांनी भरतो, आणि दोन आठवड्यांची मजुरी बुडते. ब्लेडने कातडे तासण्याबद्दल तर वेगळे सांगायला नको.

आता मलमापेक्षा मोठी गोष्ट. आईंना भेगा दुखतात, हे आपण लिहिले ते वाचून मला खरे तर बरे वाटले. माझ्या कामाच्या काळात एक चाळिशीची बाई मुलाला लस द्यायला घेऊन आली होती. तिची टाच बोटभर खोल उलली होती आणि त्या भेगेत बाभळीचा काटा मोडलेला होता. मी विचारले, तर “काहीच दुखस नही, ताई,” असे ती अहिराणीत सहज म्हणाली. हे सहज म्हणणेच मला खटकले. पुढे तपासणीत तिची रक्तातील साखर फार वाढलेली निघाली. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. त्याच नसा घामाच्या ग्रंथींनाही चालवतात, त्यामुळे अशा पायाला घाम येत नाही, कातडी वाळते, फुटते आणि फुटल्याचे कळतही नाही. कुष्ठरोगातही नेमके हेच घडते, आणि आपल्या खानदेशात तो रोग संपलेला नाही. बधिर पायांच्या रुग्णांना आम्ही पाय भिजवणे, घासणे आणि लगेच तेल लावणे हे रोज करायला शिकवीत असू. वर दिलेली पद्धत मी त्यांच्याकडूनच पक्की शिकले.

म्हणून आईंना डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने तळव्याला, अंगठ्याला आणि टाचेच्या कडेला हलका स्पर्श करून पाहा आणि कोठे स्पर्श झाला ते त्यांना सांगता येते का ते बघा. टाचेच्या जाड कातडीवर हलका स्पर्श थोडा कमी जाणवणे स्वाभाविक आहे, पण अंगठा किंवा तळवा चुकला, किंवा अंगावर कोठे फिकट अथवा लालसर, बधिर चट्टा आढळला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाची औषधे तेथे मोफत मिळतात आणि उपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. रक्तातील साखर तर या निमित्ताने तपासून घ्याच. थायरॉइड मंदावला तरी कातडी अशीच कोरडी पडते. पाय बधिर असल्यास पाण्याची ऊब आईंनी स्वतः न पाहता घरातील दुसऱ्याने पाहावी आणि वज्रीही दुसऱ्यानेच चालवावी.

प्रत्येक भेग कोरडेपणाचीच असते असेही नाही. तळव्याच्या रेषांत पिठासारखा कोंडा साचला असेल, बोटांच्या बेचक्यांत खाज असेल, नखे पिवळी-जाड झाली असतील आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा अधिक बिघडलेला असेल, तर बुरशीचा संशय घ्यावा. कोपर, गुडघे आणि डोक्यात चांदीसारखे पापुद्रे निघत असतील तर सोरायसिसचा. दोन्हींवरील औषधे वेगळी आहेत. दुकानदार अशा वेळी स्टिरॉइड मिसळलेले मलम देतो, त्याने आठ दिवस छान वाटते आणि बुरशी मात्र आतून पसरते. टाच लाल व गरम झाली, पू आला, सूज घोट्याकडे चढली, ताप आला किंवा जांघेत अवधाण आले, तर घरगुती काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. भेगेत शेण-माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही विचारून घ्यावे.

पुढच्या वर्षासाठी सांगायचे तर भेगा पडण्याची वाट पाहू नये. आपल्याकडे पौषात रात्रीचा पारा १० अंशांखाली जातो, कोरडे वारे सुटतात, माणसे शेकोटीला पाय लावून बसतात आणि खोबरेल बाटलीतच गोठते. कोजागिरीच्या सुमारास रात्रीचा हा क्रम सुरू केला तर वेचणीच्या दिवसांत टाच टिकते. शेतात झिजलेल्या रबरी चपलेऐवजी मोजे आणि कॅनव्हासचे बूट सर्वांत चांगले, कारण मागून बंद असलेल्या पादत्राणात टाचेची गादी बाजूंना पसरत नाही. लुगड्यावर बूट घालायला आई संकोचतील हे मला ठाऊक आहे. मग निदान मागे पट्टा असलेली, जाड तळाची चप्पल घ्यावी. घरातल्या फरशीवर वापरायला वेगळी स्वच्छ चप्पल ठेवावी. खळ्यावर आणि देवघरात चप्पल चालत नाही, ते सोडून द्यावे, तेवढ्याने टाच फुटत नाही. चैत्रात सप्तशृंगी गडावर अनवाणी चालत जाण्याचा नवस असेल तर मात्र भेगा पूर्ण मिटल्याशिवाय तो फेडू नये. धुण्याच्या साबणाने पाय घासणे बंद करावे.

सध्या वेचणी थांबवणे शक्य नसेल, तर सकाळी भेगेत जेली भरून वर स्वच्छ सुती पट्टी बांधावी आणि मोज्यासह बूट घालून पाठवावे. रात्री जेली लावल्यावर मोज्यांनी फरशीवर पाय घसरतो, म्हणून आई लघवीला उठतात त्या वाटेवर दिवा राहू द्या. कापसाच्या बोळ्याची परीक्षा आणि साखरेचा आकडा, ही दोन उत्तरे येथेच कळवलीत तर पुढचे अधिक नेमके लिहीन.