चार वर्षे आणि तीच तीन प्रकरणे

"कादंबरी सुरू होते, पण पूर्ण होत नाही, माझ्यात शिस्तच नाही का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक जण येतात. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

बाई नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या. चार वर्षांत 18,000 शब्द लिहून झाले होते आणि पहिली तीन प्रकरणे किमान दहा वेळा नव्याने लिहिली गेली होती. "मॅडम, मी मुळातच आळशी आहे," असे त्या म्हणाल्या. एकच मजकूर दहादा लिहिणाऱ्या व्यक्तीला आळशी म्हणणे मला पटेना.

तरीही पहिली चूक माझीच झाली. त्यांच्या निदानावर विसंबून मी रोज पहाटे दोन तास लिहिण्याचे वेळापत्रक आखून दिले. ते आठवडाभरात मोडले आणि आपण आळशी असल्याचा त्यांचा समज अधिकच घट्ट झाला. मग उपाय बाजूला ठेवून मी त्यांना दोन आठवडे केवळ नोंद ठेवायला सांगितली : बसल्यावर सर्वांत आधी काय केले आणि उठताना मनात काय होते.

नोंदी बोलक्या होत्या. 14 पैकी 9 दिवस त्या लिहायला बसल्या होत्या. त्यांतील 8 दिवशी सुरुवात पहिल्या पानापासून वाचण्याने झाली होती. वाचताना एखादे वाक्य खटकायचे, दुरुस्ती सुरू व्हायची आणि अर्ध्या तासाने, "हे आपल्याला जमणारे नाही," या भावनेने वही मिटली जायची. चालढकलीच्या मुळाशी पुष्कळदा वेळेच्या नियोजनापेक्षा अशा नकोशा भावनेपासून सुटका मिळवण्याची धडपड असते, आणि तिच्यावर शिस्तीचा धाक घातला तर ती भावना वाढतेच.

त्यामुळे आम्ही बसण्याची नव्हे, सुरुवात करण्याची सवय बदलली. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासातून दिसलेली एक साधी गोष्ट येथे उपयोगी पडली : "मी लिहीन" या मोघम निश्चयापेक्षा "अमुक झाले की तमुक करीन" असा नेमका संकल्प अधिक पाळला जातो. बाईंचा संकल्प असा ठरला : रात्रीची आवराआवर संपली की टेबलाशी बसायचे, कालचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि 200 शब्द पुढे जायचे. मागची दुरुस्ती सुचली तर ती वेगळ्या वहीत टिपायची, मजकुराला हात लावायचा नाही. शिवाय प्रसंग संपवून न उठता, पुढचे वाक्य ठाऊक असताना उठायचे.

200 हा आकडा त्यांना अपमानास्पद वाटला. तेव्हा आम्ही कागदावर हिशेब मांडला : 70,000 शब्दांच्या कादंबरीतील 52,000 शब्द बाकी, आठवड्याला पाच दिवस म्हणजे 1,000 शब्द, म्हणजेच 52 आठवडे. चार वर्षे अडलेले काम एका वर्षात बसते हे पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या महिन्यात घरच्या आजारपणामुळे सहा दिवस खंड पडला आणि त्या राहिलेले शब्द एका बैठकीत भरून काढण्याच्या तयारीने आल्या. मी ठामपणे नको म्हटले, कारण थकबाकी मानली की लेखन पुन्हा अपराधभावाशी जोडले जाते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा आला नव्हता. तिथे सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण व्यक्तिगणिक हा काळ 18 ते 254 दिवस इतका बदलत होता. खंड सहा दिवसांचा असला तरी पुनरारंभ 200 शब्दांनीच करावा, असे माझे मत होते. त्यांनी तसेच केले.

पहिला खर्डा पूर्ण व्हायला पंधरा महिने लागले. त्यानंतर त्यांनी दुरुस्त्यांची वही उघडली, तेव्हा पहिल्या प्रकरणाबद्दलच्या बहुतेक नोंदी निरुपयोगी ठरल्या होत्या. कथा जिथे जाऊन संपली, तिथून पाहता त्या प्रकरणातील निम्मा मजकूर लागणारच नव्हता.