‘नको ते डोक्यात भरवताय का, मॅडम?’

लैंगिक शिक्षणाच्या तासांबद्दलची पालकसभा संपली तरी नववीतल्या एका मुलीची आई दारातच उभी होती. “पोरींना हे सगळं शिकवताय. नको ते डोक्यात भरवताय का, मॅडम?”

हा प्रश्न दर शाळेत येतोच. याच धास्तीनं 2007 साली आपल्या राज्यात लैंगिक शिक्षण बंद पाडलं गेलं होतं. खरं तर असं शिकवल्यानं मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. पण दारात उभ्या आईला अभ्यास काय सांगायचे? मी तिला एका मुलीची गोष्ट सांगितली. (ओळख पटेल ते सगळं बदललंय.)

ऊसतोड कामगारांची पोर. वर्गात ‘नाही’ म्हणायचा सराव होता. समोरचा मुलगा म्हणणार, “नंबर दे, नाहीतर बोलणार नाही.” ही ओढणीचं टोक दातात धरून हसायची, “नाही ना...” पाच वेळा तेच. सहाव्यांदा हात खाली, नजर वर: “नाही. मला नकोय.” वर्ग गप्प. समोरच्या पोराला मग वेगळं शिकवावं लागलं, नकार ऐकून तोंड न पाडता बाजूला होणं. ते जास्त अवघड गेलं.

शरीराची माहिती त्यानंतर. चिठ्ठ्यांच्या डब्यात एक चिठ्ठी निघाली, “मिठी मारली की दिवस जातात का?” म्हणजे डोक्यात आधीच भरलेलं होतं, तेही चुकीचं.

दिवाळीच्या आधी ती माझ्याकडे आली. घरी स्थळ ठरत होतं. कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीवर मिळतात, म्हणून लग्नाची घाई. तिनं वडिलांना तेच वाक्य ऐकवलं, “नाही. मला नकोय.” त्यांनी ऐकलं नाही. मग तिनं वर्गशिक्षिकेला सांगितलं, बाईंनी ग्रामसेवकांना. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी त्यांच्यावर. लग्न मोडलं असं मी म्हणणार नाही, लांबलं. त्या हंगामात ती आजीपाशी राहिली, शाळा सुटली नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या सातांहून जास्त मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यातल्या बहुतेकींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, आणि आपण मात्र मोबाईलला दोष देत बसतो.

आई बराच वेळ बोलली नाही. मग पदर सावरत म्हणाली, “मुलांनाबी बसवता म्हणालात ना? माझा आठवीत आहे.”