इंदूर : घराजवळच्या मिशनरी द्विभाषिक शाळेत मुलीला पहिलीत घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी पहिलीत जाणार आहे. सुदामा नगरजवळ एका ख्रिस्ती ट्रस्टची छोटी शाळा आहे, निम्मे विषय हिंदीत, निम्मे इंग्रजीत. वर्गात पास्टर-मिशनऱ्यांची मुलं आहेत आणि आसपासचीही. फी झेपण्यासारखी आहे, पण सासूबाई म्हणतात, "पोर बाटेल." मी अशाच एका शाळेत (इंदूरची नव्हे) हिंदी शिकवायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं. इंदूरला मिशनचं शिक्षण नवं नाही. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे 1877 मध्ये आले आणि ख्रिश्चन कॉलेज 1887 पासून आहे. मात्र आपण ज्यांना सरसकट कॉन्व्हेंट म्हणतो त्या बहुतेक कॅथलिक, नन्सच्या शाळा. तुम्ही म्हणताय ती इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींची असेल तर वातावरण वेगळं असतं. मेरीची मूर्ती नसते, नन नसतात, पण बायबल रोजच्या दिवसात जास्त मिसळलेलं असतं. सकाळी प्रार्थना, आठवड्यातून एकदा चॅपल म्हणजे सगळ्यांची प्रार्थनासभा, शुक्रवारपर्यंत एखादं वचन पाठ करायचं, कधी बायबलचा वेगळा तास आणि त्याला गुणही. मुलांना येशू कळावा हा हेतू ही मंडळी लपवत नाहीत, विचारलंत तर सरळ सांगतील. मुलगी नाताळच्या नाटकात मेंढपाळ होणार हे धरूनच चाला.

सक्तीचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. गोम त्या 'संमती'त आहे. प्रवेश-अर्जाबरोबर बहुधा दोन पानी श्रद्धा-निवेदन (शाळा काय मानते ते सांगणारं) असतं आणि खाली सहीची जागा. आपले लोक फीच्या पानावर चष्मा लावतात आणि इथे घाईत सही ठोकतात. तिथे 'आम्ही हे वाचले आहे' एवढंच आहे की 'पाल्य सर्व कार्यक्रमांत भाग घेईल' असंही आहे, ते बघा. चॅपल नको असेल तर तसं वेगळं पत्र द्या आणि पोच घ्या. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं त्या वेळात वाचनालयात बसत, कोणी वावगं बोललं नाही. तरी सात वर्षांच्या मुलीला सगळा वर्ग गाणी म्हणत असताना एकटीला बाहेर बसायला आवडेल का, याचा विचार तुम्हीच करा.

मला विचाराल तर याहून मोठा प्रश्न दुसराच आहे : शाळा मुळात कोणासाठी काढली आहे? कोडाईकनालची शाळा अमेरिकन मिशनऱ्यांनी 1901 मध्ये काढली, हेब्रॉन ही अशीच शाळा 1899 मध्ये कुन्नूरला सुरू झाली आणि आज उटीत आहे. आईबाप कामावर असताना मुलांचं शिक्षण व्हावं आणि मायदेशी परतल्यावर ती तिथल्या वर्गात बसू शकावीत, ही मूळ गरज. स्थानिक मुलं मोठ्या संख्येनं नंतर आली. आज मध्य प्रदेशात मिशनरी म्हणजे बहुतेक केरळ, तमिळनाडू, मिझोराम, नागालँडची माणसं. त्यांना मुलांसाठी कुठेही बदली झाली तरी चालेल असं इंग्रजी आणि इथे वावरता येईल इतकी हिंदी हवी असते. तुम्हाला दहावीचा बोर्डाचा निकाल हवा आहे. पहिली-दुसरीत हा फरक जाणवत नाही, सहावी-सातवीत जाणवतो.

म्हणून शाळा कुठल्या बोर्डाशी संलग्न आहे याचं पत्र मागा. काही छोट्या शाळा टेक्सासमधून आलेल्या एसीई (अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) पद्धतीनं शिकवतात : प्रत्येक मूल आपल्या कप्प्यात बसून पुस्तिका सोडवतं, अडलं की छोटा झेंडा वर करतं, वर्षाला एका विषयाच्या बारा पुस्तिका. मुलं स्वावलंबी होतात हे खरं. पण पुढे कुठल्या बोर्डाची परीक्षा, याचं उत्तर "बघू, एनआयओएस आहे ना" असं आलं तर लेखी घ्या. एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ, ते मान्यताप्राप्त आहे, फक्त ते पहिल्या दिवशी माहीत हवं. आणखी एक, 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. त्यामुळे 25 टक्के राखीव जागा तिथे शोधू नका आणि मुलीची तोंडी चाचणी घेतली तर चकित होऊ नका.

आता भाषा. 'निम्मं-निम्मं' म्हणजे काय हे खोदून विचारा. विषयवार विभागणी आहे की दिवसवार? हिंदीचे तास शिकलेली शिक्षिका घेते की संगीताच्या बाईंवर ढकलले आहेत? गणितासाठी मी एकच गोष्ट बघायला सांगेन : पाढे कोणत्या भाषेत म्हणून घेतात. घरी एकोणसत्तर, शाळेत उनहत्तर, फळ्यावर सिक्स्टी-नाइन. मराठी घरातलं मूल 'उनहत्तर' ऐकून 79 लिहितं आणि बाई समजतात की गणित कच्चं आहे. गंमत म्हणजे मल्याळी पास्टरचा मुलगाही तिथेच अडखळतो. शाळेच्या दोन्ही भाषा त्याच्या घरच्या नसतात, तुमच्या मुलीच्याही नाहीत. ज्या शिक्षिकेला हे ठाऊक आहे ती संख्या तोंडी विचारण्याआधी लिहून दाखवते. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय की खेळण्या-भांडण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची यायला पाच ते सात लागतात. तेव्हा दुसरीच्या प्रगतिपुस्तकावर निर्णय बदलू नका. मराठी वाचन मात्र घरीच करावं लागेल, शाळा ते करणार नाही.

शिक्षक टिकतात का, तेही विचारा. काहींना पगार नसतो, त्यांच्या गावाकडचं चर्च मदत पाठवतं. ती थांबली की शिक्षक जातात. मिशनरी कुटुंबंही वर्षभरासाठी घरी किंवा थेट दुसऱ्या राज्यात जातात. मुलीची जिवलग मैत्रीण तिसरीच्या मध्यावर निघून जाईल, तेव्हा घरी दोन आठवडे रडारड होईल.

तुमच्या जागी मी असते तर पहिलीत घातलं असतं : वर्ग लहान, घर जवळ, हिंदी-इंग्रजी दोन्ही चालू. संलग्नतेचं पत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाचवीच्या पुढे मात्र ठेवलं नसतं. वाट बघायची तर चौथीतच दुसऱ्या शाळांचे अर्ज भरून ठेवा, इंदुरात सहावीला जागा मिळणं कठीण जातं.