वाचकांचे प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि नव्या पिकअपच्या वावड्या

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. माझ्याकडे २०१३ची फोर्ड एफ-१५० रॅप्टर, म्हणजे एफ-१५० पिकअपचा खडबडीत वाटेसाठीचा प्रकार, आहे. ती विकून २०१७ची किंवा त्यानंतरची वापरलेली रॅप्टर घ्यावी असे मनात आहे. परंतु ओळखीचे लोक सांगतात, की तिची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी खडकाळ वाटेवर डब्यासारखी फाटते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असली, तरी फ्रेम पोलादाचीच आहे. जानेवारी २०१४मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात २०१५ची एफ-१५० दाखवली गेली, तेव्हा कंपनीने ती आधीच्या गाडीपेक्षा कमाल ७०० पौंडांनी, म्हणजे सुमारे ३१८ किलोंनी, हलकी असल्याचे सांगितले होते. त्यातील मोठा वाटा केबिन आणि मागच्या, सामान ठेवायच्या हौद्याचा होता. खडकावर गाडी घासते तेव्हा मार बसतो तो खालच्या संरक्षक पत्र्याला, फ्रेमला आणि अ‍ॅक्सलला; ओढून काढण्याचे हूकही फ्रेमलाच जोडलेले असतात. आपल्या ओळखीचे लोक ज्या पत्र्याविषयी बोलतात, तो या भागांच्या वर असतो.

त्या पत्र्याबद्दल बोलायचे, तर पोलादाची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि ताठपणाही साधारण तिप्पट. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाइतकाच पातळ ठेवून चालत नाही. तो जाड घ्यावा लागतो, आणि तरीही वजनात बचत उरते. शिवाय हा स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा मऊ धातू नव्हे; मॅग्नेशियम, सिलिकॉन यांसारखी मूलद्रव्ये मिसळलेले हे मिश्रधातू असतात आणि त्यांतील काही तर रंगाच्या भट्टीतून जाताना अधिकच कठीण होतात. बोथट वस्तू आदळली तर हा पत्रा बऱ्यापैकी तग धरतो. टोकदार वस्तू वरून पडली तर मात्र पोलादाला जिथे पोचा पडला असता, तिथे याला भोक पडू शकते. २०१६मध्ये फोर्डची स्पर्धक शेव्हरोले हिने आपल्या जाहिरातीत एफ-१५०च्या हौद्यात दगडी ठोकळे ओतून नेमके हेच दाखवले होते. जाहिरात खोटी नव्हती, पण पूर्णही नव्हती : त्याच कंपनीच्या २०१९च्या सिल्व्हराडो पिकअपचे बॉनेट, दरवाजे आणि फाळका अ‍ॅल्युमिनियमचे निघाले. हौदा मात्र तिने पोलादाचाच ठेवला, आणि हौद्यात रोज दगड-लोखंड टाकणाऱ्या माणसासाठी तो निर्णय मला योग्य वाटतो. आपण तसे करत नसाल, तर ही भीती आपल्या कामाची नाही.

आपण ज्याची चौकशी करायला हवी ती गोष्ट दुरुस्तीची आहे. ही बॉडी जोडताना पोलादासारखे ठिकठिकाणी वेल्डिंग केलेले नसते. पत्रे स्वतःच भोक पाडत आत शिरणाऱ्या रिव्हेटांनी आणि चिवट चिकटद्रव्याने जोडलेले असतात. पोचा काढताना हा पत्रा पोलादासारखा सहज मूळ जागी परत येत नाही. तो बेताने तापवावा लागतो, आणि घाई केली तर तडकतो. पोलादावर वापरलेली कानस किंवा घासकागद त्यावर वापरला, तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि काही महिन्यांनी रंगाखाली फोड येतात. म्हणून चांगल्या गॅरेजमध्ये या कामाची हत्यारे वेगळी आणि जागाही पडद्याने वेगळी केलेली असते. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असल्यामुळे ती ओढून घेणारे यंत्रही लागते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २०१५मध्ये धडक देऊन तपासणी केली, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या एफ-१५०चा दुरुस्तीखर्च आधीच्या पोलादी गाडीपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त भरला. गाडी पाहायला जाल तेव्हा मडगार्ड आणि दाराच्या कडेवरून बोटे फिरवा. रंगाखाली दोऱ्यासारख्या बारीक, वळणावळणाच्या रेषा जाणवल्या, तर तिथे पूर्वी कोणीतरी हलगर्जीपणे काम केले असण्याची दाट शक्यता आहे.

बदल करण्याजोगा आहे का, असे विचाराल, तर माझे उत्तर होय असे आहे. परंतु त्याचे कारण केवळ वजन नव्हे. आपल्या गाडीत ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन आहे. २०१७च्या रॅप्टरमध्ये ३.५ लिटरचे दोन टर्बोंचे व्ही-६, ४५० अश्वशक्ती आणि दहा गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. आवाजाच्या बाबतीत आपली निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : या गाडीची पुढची पिढी संपूर्ण नवी येणार, काही जण तर म्हणतात की पुन्हा पोलादी बॉडी येणार. चाचणीसाठी कापडाने झाकून रस्त्यावर आणलेल्या गाड्यांची छायाचित्रेही फिरत आहेत. मी थांबावे का?

उत्तर : वावड्यांचेही प्रकार असतात. दिवे, पुढची जाळी, आतला डिजिटल पडदा यांविषयीची बातमी खरी की खोटी, हे बाहेरून ओळखणे कठीण असते, कारण हे भाग शेवटपर्यंत बदलता येतात. जानेवारी २०१३मध्ये फोर्डने अ‍ॅटलस नावाची संकल्पना-गाडी दाखवली होती. तिच्या चेहऱ्याची ठेवण २०१५च्या एफ-१५०मध्ये आली, पण चाकांवरच्या उघडझाप करणाऱ्या झडपा आल्या नाहीत.

धातूची गोष्ट वेगळी आहे. बॉडीचा धातू बदलायचा म्हणजे वेल्डिंगचे रोबो काढून रिव्हेटांचे रोबो बसवायचे, आणि पत्रा पुरवणाऱ्या गिरण्या आधीच वाढवायच्या. २०१२मध्ये एफ-१५० अ‍ॅल्युमिनियमची होणार अशी कुजबुज वृत्तपत्रांत आली, तेव्हा अल्कोआ आयोवातील डेव्हनपोर्टचा आणि नोव्हेलिस न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगोचा कारखाना वाढवण्याच्या कामात होत्या; या दोन्ही असा पत्रा बनवणाऱ्या कंपन्या. पुढे २०१४मध्ये फोर्डचा डिअरबॉर्नचा कारखाना कित्येक आठवडे बंद ठेवून आतील यंत्रे बदलावी लागली. इतकी मोठी हालचाल लपवता येत नाही. याच ऑस्वेगोत सप्टेंबर २०२५मध्ये आग लागली आणि एफ-१५०च्या उत्पादनाला पत्र्याची टंचाई जाणवली. पोलादाकडे परतण्याच्या गप्पांना त्याने बळ मिळाले असल्यास नवल नाही. परंतु एका आगीमुळे कोणी अख्खा कारखाना उलटा फिरवत नाही. नव्या यंत्रांची, नव्या पुरवठादारांची बातमी कानावर येईपर्यंत पोलादाची वावडी मी बाजूला ठेवीन.

झाकलेल्या गाडीच्या छायाचित्रात चाकांच्या मागे डोकावून पाहावे. कापड बॉडीवर ताणलेले असते, मागची स्प्रिंग मात्र उघडी राहते. २०२१मध्ये रॅप्टरचे मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जाऊन मागचा अ‍ॅक्सल धरणाऱ्या पाच दांड्यांची आणि गुंडाळीच्या स्प्रिंगची रचना आली. खडबडीत वाटेवरच्या चालीत पडणारा फरक असा खालच्या भागांतून येतो. ती रचना आपल्याला हवी असेल, तर ती आधीच बाजारात आहे. थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही, तर हौद्याला पोलादी पेटी थेट बोल्टने जोडली तर चालेल का?

उत्तर : थेट जोडू नये. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, हे खरे. फांदीने रंग खरवडला तरी तिथे ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि ओरखडा सहसा पसरत नाही. परंतु दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट पाणी आले, की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि तीत झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून आपण जात असाल, तर एका-दोन हंगामांत बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागेल. पेटीखाली रबराची पट्टी घाला, लेप दिलेले बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर वापरा, आणि भोक पाडल्यावर त्याची उघडी कड रंगवल्याशिवाय बोल्ट कसू नका. चुंबकाने चिकटणारा दिवा विकत घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. या गाडीच्या टपावर तो चिकटणारच नाही.