मुंडावळ्या, हार आणि अंबाडा : लग्नाच्या केशरचनेविषयी तुमचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आमच्याकडे केसांविषयीच्या पत्रांची रीघ लागते. या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत : वेण्या घालून बांधलेला अंबाडा. त्यातली पाच निवडली आहेत.

मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. मुहूर्त दुपारी बाराच्या आसपासचा, मांडव घरासमोरच्या खळ्यात. मुलीने मोबाईलवर पंचवीस फोटो जमवले आहेत. वेण्यांचा अंबाडा हवा एवढं नक्की, पण उंच की मानेवर, आणि वेणी कुठली, यावर घरात एकमत होत नाही. कसं ठरवावं?
— नवरीची आई, गुहागर

फोटो थोडा वेळ बाजूला ठेवा. त्या दिवशी मुलीच्या डोक्यावरून आणि मानेभोवती काय काय जाणार आहे ते आधी कागदावर लिहून काढा. फोटोतली मुलगी स्टुलावर बसलेली असते. तुमची मुलगी गौरीहरापाशी मान खाली घालून बसेल, हार घालून घेईल, होमासमोर तासभर बसेल, मग शंभर जणांच्या पाया पडेल. अंबाड्याची जागा या गोष्टी ठरवतात.

मुंडावळ्यांपासून सुरुवात करा. त्यांचा दोरा कपाळावरून कानांच्या वरून मागे जातो आणि तिथे गाठ बसते. अंबाडा अगदी टाळूवर असेल तर गाठीला अडायला काही राहत नाही आणि दोरा वर सरकत जातो. पुढे मोठा पफ काढला असेल तर मुंडावळी त्याच्या तोंडाशीच बसते आणि पफ दाबला जातो. म्हणून पफ हवाच असेल तर तो केसांच्या पुढच्या रेषेपासून निदान दोन बोटं मागून सुरू करा आणि उंची बेताची ठेवा. दोरा कानामागे दोन्ही बाजूंच्या वेण्यांखालून न्यायचा आणि प्रत्येक बाजूला एकच पिन लावायची, म्हणजे दिवसभर हलत नाही.

मग हार. तो डोक्यावरून घातला जातो. उंच अंबाड्यात तो हमखास अडकतो आणि ओढला की दोन पिना घेऊनच खाली येतो. अंबाडा थेट मानेवर असेल तर वेगळीच पंचाईत : मंगळसूत्र बांधताना नवऱ्या मुलाच्या बोटांना जागा उरत नाही, आणि फाशात केस अडकतात. तेव्हा अंबाड्याची खालची कड मानेवरच्या केसांच्या रेषेपासून तीन बोटं वर आणि वरची कड कानाच्या टोकाच्या रेषेत, अशी जागा धरा. नऊवारीवरही ती शोभते आणि शालूवरही. डोक्यावर पदर किंवा शेला घ्यायचा असेल तर त्यालाही ही उंची आधार देते. शेल्याच्या जरीत अडकू नयेत म्हणून पिनांची टोकं मात्र बाहेर डोकावता कामा नयेत.

आता वेणी. सागरवेणीत बटा एकमेकींवरून जातात, त्यामुळे ती डोक्याला चपट बसते. दाट केसांना हीच बरी. उलट्या सागरवेणीत बटा खालून घेतात आणि वेणी दोरासारखी उठून दिसते, म्हणून विरळ केस भरल्यासारखे वाटतात. खजुरी वेणी देखणी असते यात शंका नाही. पण ती घालायला वेळ लागतो, गुळगुळीत केसांत तिच्या बारीक बटा निसटतात, आणि वर गजरा येणार असेल तर एवढी मेहनत कुणाला दिसतही नाही. अंबाड्यावर फुलं भरगच्च घालणार असाल तर साधी तीनपेडीच घाला असं आमचं स्पष्ट मत आहे.

चाचणी एकदा तरी कराच, आणि ती एसीच्या पार्लरमध्ये संपवू नका. मुहूर्ताच्याच वेळेला केस बांधून घ्या, मुंडावळ्या बांधा, गळ्यात एखादा जड हार घाला आणि घरात पंख्याखाली चार तास वावरा. दहा-बारा वेळा वाका. काय सैल होतं ते तिथेच कळेल.

बहिणीच्या साखरपुड्याला केलेला अंबाडा दोन तासांत मानेवर घसरला. पुढे काढलेल्या कुरळ्या बटाही सरळ झाल्या. पार्लरवाल्या ताईंनी चाळीसेक पिना लावल्या होत्या. मग चुकलं कुठे?
— करवली, वेंगुर्ला

आधी बटांचं. इस्त्रीने किंवा कर्लरने दिलेला आकार केसांतल्या हायड्रोजन बंधांवर टिकलेला असतो, आणि हे बंध ओलाव्याने सुटतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत केस हवेतलंच पाणी ओढून घेतो आणि मूळ वळणावर जातो. वेणीचं तसं नाही. पेड एकमेकांत अडकवलेले असल्यामुळे ती ओलाव्याने फारशी सुटत नाही. म्हणूनच आपल्याकडे वेण्यांचा अंबाडा हा शहाणपणाचा पर्याय आहे. मे महिन्यात मोकळ्या कुरळ्या बटांचा हट्ट धरू नका.

घसरण्याचं कारण पिनांची संख्या नाही. अंबाड्याखाली पाया नव्हता. पिन जेव्हा नुसत्या सुट्या केसांत खोचली जाते तेव्हा ती वजनाबरोबर खाली येते, मग ती दहावी असो की चाळिसावी.

पाया असा घाला. एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत भांग पाडा आणि पुढचे केस क्लिपने वेगळे ठेवा. मागच्या केसांपैकी मधला साधारण तिसरा हिस्सा घेऊन, अंबाडा जिथे हवा त्याच उंचीवर घट्ट पोनी बांधा. हा खुंटा. सगळे केस त्यात कोंबले तर कपाळ ओढलं जातं आणि दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. खुंट्याभोवतीच्या केसांना मुळाशी दोन-तीन सेंटीमीटर उलट्या फणीने हलकं फुगवा. पिनेला पकडायला गादी हवी, ती ही. मग दोन्ही कानशिलांपासून सागरवेण्या घालत खुंट्यापर्यंत आणा. पोनीच्या दोन वेण्या घाला, टोकं पातळ रबराने बांधा, आणि मग टोकाकडून वर जात प्रत्येक पेडाची कड चिमटीने किंचित ओढून वेणी रुंद करा. रबर बांधण्याआधी ओढाल तर वेणी सुटेल. फार ओढाल तर तिच्या फटींत अक्षता अडकून बसतील. कुंकवाचा हात लागलेले ते तांदूळ मग मोगऱ्याला लाल डाग पाडतात. लग्न लागल्यावर ते ओढून काढायचे नाहीत, शेपटीच्या फणीच्या टोकाने एकेक उचलायचे.

पहिली वेणी उजवीकडून आणि दुसरी डावीकडून खुंट्याभोवती गुंडाळा, टोकं आत दडपा. काळी पिन लावताना तिची नागमोडी बाजू टाळूकडे हवी. पुष्कळजणी उलटी लावतात आणि तिथेच ती निसटते. पिनेने आधी वेणीची कड उचला, टोक बाहेरच्या दिशेला असू द्या, मग पिन उलटी फिरवून खुंट्याच्या दिशेने आत सारा. घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊ या चार जागी दोन-दोन पिनांची फुली करा. या आठ पिना अंबाडा धरतात. बाकी दहा-बारा पिना कडा बसवण्यासाठी, आणि सहा-आठ यू पिना, म्हणजे आपले आकडे, फुलांसाठी. याहून जास्त लागत असतील तर पाया पुन्हा बांधा.

आणखी एक शक्यता : केसांत तेल होतं का? तेलावर पिन टिकत नाही. लग्नात तर हळदीचं तेल केसांत उतरतंच. हळदीला केस वर बांधून कापड गुंडाळा. हळद आदल्या दिवशी असेल तर त्याच संध्याकाळी दोनदा शाम्पू करून केस पूर्ण वाळवा, कंडिशनर फक्त टोकांना. मुहूर्ताच्या सकाळी धुतलेले केस फार निसरडे असतात, आणि आत ओलसर राहिले तर वाळता वाळता वेणी सैल पडते.

स्प्रे वीतभर अंतरावरून, पातळ दोन थर. जास्त झाला तर दमट हवेत तो चिकट होतो आणि धूळ धरतो. आणि हे नीट लक्षात ठेवा : हेअर स्प्रे पेट घेणारा असतो. तो पूर्ण वाळल्याशिवाय नवरीने होमाजवळ बसू नये, आणि होम पेटल्यावर तिथे बसल्या जागी ‘जरा मारून घेते’ असं करवलीने मुळीच करू नये.

अंबाड्याला सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) घालायचा की मोगरा? लग्न मार्चमध्ये आहे. किती लांबीचा सांगायचा?
— मालवणची एक वाचक

मार्चमध्ये सुरंगी मिळत असेल तर तिला सोडू नका. वेंगुर्ले तालुक्यात, आसोली-आरवलीच्या बाजूला, तिचा बहर याच दिवसांत असतो. कळ्या उमलण्याआधी काढतात, आणि वाळल्यावरही वास राहतो, जे मोगऱ्याला जमत नाही. मुहूर्त सकाळचा असेल तर वळेसर वेळेत हातात पडेल ना, हे विणणाऱ्या बाईंशी आधी बोलून घ्या.

मोगरा हवाच असेल तर टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्यांचा घ्या. त्या संध्याकाळी-रात्री उमलतात, त्यामुळे गोरज मुहूर्ताला त्यांच्यासारखं काही नाही. सकाळच्या लग्नाला आदल्या रात्रीच्या उमललेल्या फुलांचा गजरा घेतलात तर दुपारी तो तांबूस झालेला दिसेल. गजऱ्यावर पाणी मारण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ती मोडा. पाणी साचलेल्या आणि चुरगळलेल्या पाकळ्याच आधी काळवंडतात. केळीच्या पानात सैल गुंडाळून थंड जागी ठेवा, तेवढं पुरे.

वजनाला सर्वांत हलकी अबोली. वास नाही, पण केसांवरचा तिचा तो केशरी रंग हिरव्या शालूशेजारी पाहिलात तर दुसरं काही सुचणार नाही. मोगऱ्याच्या दोन फेऱ्यांऐवजी आत एक मोगऱ्याची आणि बाहेर एक अबोलीची घाला, ओझंही कमी होतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. अंबाडा आडवा दहा सेंटीमीटर असेल तर एक पूर्ण फेरी साधारण 31 सेंटीमीटरची, म्हणजे दीड वीत. बाहेरची दुसरी फेरी 42-43 सेंटीमीटर घेते. दोन्ही मिळून पाऊण मीटर सांगा, आणि दोन्ही टोकांना चार-चार बोटं दोरा मोकळा सोडायला सांगा. आकडा त्या दोऱ्यातून घालायचा, फुलाच्या देठातून नाही. देठात घातला की फूल गळतं आणि मागे आकडा तेवढा दिसत राहतो.

सोन्याचं अग्रफूल किंवा मूद लावणार असाल तर ती फुलांच्या आधी, थेट वेणीत अडकवा. गजऱ्यावर लावलेला दागिना गजरा सुकताच सैल होतो, आणि लग्नघरात पडलेलं सोनं शोधत बसण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

माझे केस जेमतेम खांद्यापर्यंत आहेत आणि सरळ आहेत. नऊवारीवर वेण्यांचा अंबाडा होईल का? संध्याकाळचं स्वागत समारंभाचं ठिकाण किनाऱ्यावर, उघड्यावर आहे.
— होणारी नवरी, अलिबाग

होईल. अंबाड्याचा आकार तुमच्या केसांतून काढायचा नाही, इतकंच. दोन्ही कानशिलांपासून उलट्या सागरवेण्या घालून मागे आणा. हा भाग सगळ्यांना दिसतो आणि तो तुमच्याच केसांचा राहील. मागे छोट्या खुंट्यावर केसांच्या रंगाचा डोनट, म्हणजे अंबाड्याला आकार देणारं गोल कडं, बसवा, वर जाळी, आणि जाळीभोवती गंगावनाची एक वेणी गुंडाळा. गंगावन खऱ्या केसांचं घ्या. नायलॉनचं उन्हात वेगळंच चमकतं आणि आचेला आक्रसतं. रंग दुकानातल्या दिव्याखाली न जुळवता दारात उजेडात येऊन जुळवा, आणि तोही केसांच्या टोकांशी, कारण वेणीत टोकंच दिसतात. जड गंगावन घेऊ नका. खुंटा तुमच्या थोड्या केसांचा आहे, त्याला तेवढंच पेलवेल.

किनाऱ्यावर दुपारपासून वारा समुद्राकडून येतो. व्यासपीठाची तोंडं समुद्राकडे असतील तर कपाळावरच्या बटा सतत मागे उडतील, पाठ समुद्राकडे असेल तर तोंडावर येतील. दोन्ही परिस्थितींत पुढे बटा मोकळ्या सोडू नका. कानाजवळची एक बारीक बट हवी असेल तर ती बोटाला जेल लावून गालाशी बसवून घ्या.

दिवसभर अंबाडा घातल्यावर कानशिलं ठणकतात. रात्री सोडवताना केसही फार तुटतात. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला परत केस बांधायचे असतात.
— नवी सून, दापोली

भुवया उचलताना कातडी ताणल्यासारखी वाटली तर वेण्या जास्त घट्ट आहेत. बांधतानाच सांगा, लाजू नका. कानशिलांवरचे केस नाजूक असतात आणि वारंवार असं ओढलं गेलं तर तिथे ते विरळ होत जातात.

सोडवताना आधी फुलं आणि दागिना, मग पिना. लावताना मोजल्या असतील तर काढतानाही मोजा, एखादी आत राहते आणि उशीवर टोचते. रबरं ओढू नका, कात्रीने कापा. वेण्या टोकाकडून बोटांनी उकला. फणी अजून नको. स्प्रेने कडक झालेल्या केसांना आधी कंडिशनर चोळून पाच मिनिटं थांबा, मग धुवा, आणि टोकांकडून वर रुंद दातांची फणी फिरवा. सत्यनारायणाला एक सैल तीनपेडी वेणी आणि तिच्यावर गजरा माळा. त्या दिवशी कानशिलांना विश्रांती द्या.