समुद्र शिकायचाय ना, मग आधी तापीवर ये

समुद्रातल्या प्लँक्टनवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, प्रोजेक्ट करायचाय हा तुझा मेसेज परवाच बघितला पण इकडे लाइटचा घोळ आणि वर केळीची गाडी भरायची होती, म्हणून उशीर झाला, राग मानू नको. तुझे बाबा म्हणतात ना, "समुद्रनं आपले काय लेनंदेनं?" त्यांना सांग, रावेर-यावलच्या केळीला आपण जो युरिया ओततो त्यातला पिकानं न घेतलेला भाग पावसात नाल्यातून तापीत उतरतो, आणि तापी सुरतच्या पुढे डुमसजवळ खंभातच्या आखातात जाते. लेनंदेनं आहे, चांगलंच आहे.

आता त्यातली गंमत बघ. डायटम म्हणजे काचेचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ, त्याला नायट्रोजन जेवढा लागतो जवळपास तेवढीच सिलिकाही लागते, काच बनते ती हीच. नायट्रोजन आपण पोत्यानं वाढवला, पण सिलिका येते खडक झिजून, आणि वाटेत हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई अशा धरण-बंधाऱ्यांत पाणी अडत अडत जातं. थांबलेल्या पाण्यात गोड्या पाण्यातले डायटमच ती सिलिका वापरून तळाशी बसतात, मग खाली समुद्राला काय मिळणार, नायट्रोजन जास्त आणि सिलिका कमी, आणि ज्यांना काच लागतच नाही अशा डायनोफ्लॅजेलेट (शेपटीनं पोहणारे एकपेशीय जीव) वगैरे मंडळींना चान्स मिळतो.

पण थांब, एवढ्यावर प्रोजेक्टचं टायटल ठरवू नको! खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी 10 मीटरच्या आसपास जातो, पाणी कायम गढूळ, ऊन खाली पोचतच नाही, म्हणजे ताटात जेवण आहे पण अंधारात कोण जेवणार. तोच युरिया एखाद्या स्वच्छ, शांत खाडीत गेला तर दोन-चार दिवसांत पाणी हिरवं होईल. म्हणून कुणी सरसकट "खतामुळे प्लँक्टन वाढलं" म्हणालं की मला वैताग येतो. तसंच "तापमान वाढलं" याचं. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालचं खतवालं पाणी वर येत नाही आणि बारीक पेशींचं फावतं, हे खरंय, पण ते मुख्यतः खुल्या समुद्रात. किनाऱ्याला आधी मीठ, गाळ आणि भरती बघायची.

2020 च्या नोव्हेंबरात मुंबईकडे रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ फिरले होते, आठवतं का, तो नॉक्टिलुका, अंधारात चमकणारा एकपेशीय जीव. अरबी समुद्राच्या उत्तरेला हिवाळ्यात त्याचीच हिरवी जात प्रचंड वाढते, पोटात जिवंत हिरवं शेवाळ पाळते आणि वर डायटमही खाते, म्हणजे घरचं जेवण आणि हॉटेलचंही. कमी ऑक्सिजनमध्ये तिचं भागतं. कोपेपॉड, म्हणजे मासे ज्यांना खातात ते बारीक कवचधारी जीव, तिला फारसे खात नाहीत, खातात ते साल्प (पारदर्शक, पिंपासारखे प्राणी) आणि जेलीफिश, मग माशांच्या वाट्याचं जातं. हे कशामुळे वाढलं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि तुझ्यासारखीला तिथंच काम आहे.

माझा गाढवपणा सांगतो. एम.एस्सी.ला असताना चार महिने एका खाडीतून बाटल्या भरून आणल्या आणि मोठ्या तोऱ्यात लिहिलं की डायटम निम्म्यानं घटले. सरांनी एवढंच विचारलं, भरती होती का ओहोटी? मी लिहूनच ठेवलं नव्हतं. एकदा समुद्राचं पाणी आणलं होतं, एकदा नदीचं, आणि मी त्याला बदल म्हणत होतो. चार महिन्यांच्या बाटल्या गेल्या मोरीत.

तर तू गोव्याच्या एनआयओला (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) अर्ज जरूर कर, पण तोवर प्रकाशा गावच्या तापीवरच्या पुलाजवळ दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळेला सँपल घे. पत्र्याच्या गोल झाकणाला चार भाग करून काळा-पांढरा रंग लाव, दोरीला गाठी मार, वजन लाव, झाली पाण्याचा गढूळपणा मोजायची सेक्की डिस्क, ती दिसेनाशी झाली की गाठी मोज. सँपलमध्ये लुगॉल (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घाल, चहासारखा रंग येईल इतपत, आणि बाटली अंधारात ठेव. वहीत आदल्या रात्री पाऊस पडला का, बंधाऱ्याचे दरवाजे उघडे होते का हेसुद्धा लिही, फालतू वाटलं तरी. जूनच्या आत एकदा इकडे चक्कर मार, मायक्रोस्कोप काढून ठेवतो, आणि बाबांनाही आण सोबत, डिस्क धरायला कुणीतरी लागतंच.